बाजाराच्या दिवशीची गोळी

बहिणीचे पाय सुजायला लागले तो दुष्काळाचा हिवाळा होता. तिचं सासर खर्ड्याच्या बाजूला. गावाजवळ पाझर तलावाचं काम सुरू होतं आणि ती तिथे माती वाहायला जायची. मेहुणे राहात्याकडे ऊस तोडायला गेलेले. घरी ती आणि सासू. मी नगरला एका दैनिकात होतो. पंधरा दिवसांनी एकदा तिच्याकडे जाऊन यायचो.

कामावरच्या बायकांची गालफडं बसली होती. बहीण मात्र भरलेली दिसायची. तोंड सुजलेलं, जोडवी बोटांत रुतलेली.

"आमची हाडं निघाली अन् हिनं अंग धरलंय," एक जण माझ्यासमोरच म्हणाली. "दाण्याची कणगी कुठं दडवलीय गं, सांग तरी."

"ये की घरी, दावते," बहीण म्हणाली. सगळ्या हसल्या. तेवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागली होती.

मी तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खड्डा बराच वेळ भरला नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. आला होता. हृदयाची एक झडप आकसली आहे, रक्त मागे तुंबतं आणि अंगात पाणी साठतं, असं ते म्हणाले. ऑपरेशन मुंबईला होतं. एवढं सांगून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडून दिला. मीठ बंद, आणि रोज सकाळी लघवीची एक गोळी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

त्या वेळी डॉक्टरांनाही ठाऊक नसलेली गोष्ट मी दहा-बारा वर्षांनी, टेबलावर आलेल्या एका बातमीत वाचली. हृदय हा नुसता पंप नाही. रक्त तुंबून त्याचे वरचे कप्पे ताणले गेले की त्यांच्या भिंतींतून एक संप्रेरक सुटतं. ते मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतं, रक्तवाहिन्या सैल करतं, दाब उतरवतं. पुढे आणखी वाचलं: थकलेल्या हृदयातून ते जास्तच सुटतं, पण मूत्रपिंडं त्याला दाद देईनाशी होतात. बहिणीचं हृदय त्या हिवाळ्यात हेच करत असणार. त्या बातमीला मी दोन कॉलमी मथळा दिला.

पंधरा दिवसांनी नव्या गोळ्या घेऊन गेलो, तर फळीवरची पुडी जवळजवळ भरलेली होती.

"बाजाराच्या दिशी घेती," ती म्हणाली. त्या दिवशी कामाला सुट्टी असायची.

"अक्का, रोज घ्यायला सांगितलंय."

"अन् जाऊ कुठं? घेतली हुती पहिल्या दिशी. डोक्यावर पाटी अन् जीव नुसता कासावीस. माळावर एक झुडूप ऱ्हायलंय का? समद्या बाप्यांपुढं बसू?"

झुडपं जळणाला गेली होती. कामावरच्या बायका पहाटे अंधारात जाऊन येत आणि मग दिवस मावळेपर्यंत पाण्याला तोंड लावत नसत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. डॉक्टरांसमोर बसलो असताना ते आठवलं नाही.

"मग संध्याकाळी घे."

"तीबी घेतली. पाच खेपा उठले. सासूबाई म्हणल्या, कुणीकडं येरझारा चालल्यात तुझ्या?"

"काम सोड."

"अन् खाऊ काय, तुझा पेपर?"

मिठाचंही तसंच. भाकरीबरोबर खायला घरात मिठात वाटलेल्या मिरचीशिवाय काही नव्हतं.

त्या कामावर मी आधीच एक बातमी दिली होती. टँकर उशिरा येतो, सावलीला मांडव नाही, हे तिच्यात होतं. बायकांच्या आडोशाबद्दल ओळ नव्हती. आता ती ओळ लिहिली. "हे छापायचं?" असं विचारून संपादकांनी ती काढली. मग मुकादमाला भेटलो. त्याने चार बांबूंना गोणपाट बांधून दिलं, पण हजेरी घेतात त्या जागेला लागूनच. तिकडे एकही बाई गेली नाही.

माघात बहिणीला आडवं पडून श्वास घेता येईना. नगरच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, पडदा ओढला, भांडं ठेवलं. दोन दिवसांत सूज उतरली. घोट्यांची हाडं दिसायला लागली. बहीण ती चाचपून पाहायची.

"एवढं पाणी हुतं माझ्यात," ती म्हणाली, "अन् मी टँकरच्या रांगेत उभी ऱ्हायचे."

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. आठवड्याने ती पुन्हा कामावर गेली आणि गोळी पुन्हा बाजाराच्या दिवसावर आली.

चैत्रात एका दुपारी पाटी उतरवून ती खाली बसली, ती उठलीच नाही. मला तार दुसऱ्या दिवशी मिळाली. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सासूबाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि त्या कामावर निघाल्या. हजेरीपटावर घरटी एकच जागा होती. ती सुटली असती तर दुसऱ्या कुणाला गेली असती.