उलांडी नसलेली होडी

आमच्या घरात पालथी चप्पल चालत नव्हती. दारात एखादी उलटी दिसली की माझी बायको हातातलं काम टाकून ती सरळ करायची, मग ती आमची असो नाहीतर पोस्टमनची. करताना तोंडाने काही बोलायची नाही. बोलायचंच नसतं ते. ज्या घरातला माणूस दर्यावर जातो त्या घरात वस्तू पालथी ठेवत नाहीत आणि तो शब्दही काढत नाहीत. धुतलेले टोपसुद्धा ती उताणे ठेवायची, तळाशी पाणी साचलं तरी.

ती गणपतीनंतर गेली. वर्ष व्हायचंय अजून. चपला आता दारात कशाही पडतात. मी बघतो आणि तशाच ठेवतो.

त्या दिवसांत आमच्या घरात कुणालाच काही नको असायचं. पेजेबरोबर काय देऊ विचारलं तरी "काय पण चलात" म्हणायचे. मीही तेच म्हणायचो. अशात एका सकाळी नात माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, माका होडी होयी. शिडाची. एकट्यान चलवूची."

नात चौदा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीपासून ती देवबागला खाडीत शिडाची होडी शिकायला जायची. तिथली होडी दोघांची, एकाने सुकाणू धरायचं, एकाने शीड. हिला कायम शीड धरायला बसवायचे आणि सुकाणूवरचा पोरगा हिच्यावर ओरडायचा.

"माझ्या होडयेत ओरडणारो कोण नको," ती म्हणाली.

घरात एकाला तरी काहीतरी हवंय, हे ऐकून मला बरं वाटलं. मी म्हटलं, घेऊ. पैसे कुठून आणले ते कुणी विचारू नये, मी सांगणार नाही.

पहिली आली थोरली वहिनी. माझ्या भावाची बायको, शेजारच्या घरात राहते, आणि तिच्या जिभेला अजून सुट्टी मिळालेली नाही.

"भावजी, वर्ष होवक नाय आणि घरात नवी वस्तू? लोक काय म्हणतले?"

"नवी खंय? जुनीच घेतंय."

"आणि चेडू एकटा पाण्यात सोडतलात?"

"तुमी जातास काय सोबतीक? शीड धरूक माणूस होया."

ती तणतणत गेली. मग मुलगा आला, नातीचा बाप. तो देवबागला इंजिनाच्या होडीतून पर्यटक फिरवतो. त्याने एकच गोष्ट सांगितली.

"बाबा, ती होडी उलाटता. मी रोज बघतंय थंय. वारो वायच वाढलो की पालथी."

तो शब्द आमच्या घरात असा उघड पहिल्यांदाच निघाला. त्याचं त्यालाच कळलं. त्याने आईच्या चुलीकडे बघितलं. पोरगा वाईट नाही. आई गेली, आता मुलगी जाऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण भीती एकदा घरात येऊन बसली की पाहुण्यासारखी उठत नाही. तिला हाकलावी लागते.

"आपण बघूया तर खरी," मी म्हटलं.

शिमगा झाल्यावर आम्ही देवबागला गेलो. वहिनीही आली. विरोध करायचा तर जवळून करावा, असं तिचं मत. होड्या शिकवणारा मास्तर सुरूच्या झाडांखाली जुन्या होड्या विकायला ठेवतो. त्याने आधी नातीचं वजन विचारलं.

"वजन कित्याक?" वहिनी म्हणाली. "तागडीत घालूचा आसा काय तेका?"

मास्तर शहरातला, त्याला वहिनी अर्धीच कळली. त्याने गुमान होड्या दाखवल्या. एक लहान पोरांची, चौकोनी तोंडाची. तिच्यात बसल्यावर नातीचे गुडघे कानाला लागले, टोपलीतल्या कोंबडीसारखी दिसायला लागली. दुसरी लांब, मोठ्या शिडाची, तगड्या माणसाची. तिसरी मधली, पिवळी, कडेला डागडुजी केलेली.

"मोठीच घेवा," वहिनी म्हणाली. विरोध ती तोवर विसरली होती. "वाढत्या अंगाची घेवक होयी."

"वहिनी, होडी म्हणजे परकर नाय."

मी तिन्ही होड्यांना फेऱ्या मारल्या. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. आमच्या होडीला एका बाजूला दोन आडव्या काठ्या आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर टेकलेलं लाकूड असतं. ती उलांडी. वारा दाबायला लागला की ती होडीला कलू देत नाही. सगळा जन्म मी त्या लाकडाच्या भरवशावर काढला.

"उलांडी खंय?" मी विचारलं.

मास्तर हसला नाही. त्याने नातीकडे बोट केलं. "ही काय."

मग समजावून सांगितलं. वारा शिडात भरला की हिने कडेवर बसायचं, पाय आतल्या पट्ट्यात अडकवायचे आणि अंग बाहेर टाकायचं. हिच्या वजनानेच होडी सरळ राहणार. शीड मोठं आणि पोर हलकी असली की होडी पडणार. आणि होडी अवजड असली तर पडल्यावर पोरीला ती उठवता येणार नाही.

"मगे पडणार नाय अशी खंयची?"

"अशी नसते, काका. पडणारच. एकटीला उभी करता येते का, ते बघून होडी घ्यायची."

म्हणजे मी आलो होतो न पडणारी होडी शोधायला आणि हा माणूस मला पडणारी विकत होता. दुसरा कुणी असता तर मी शिवी देऊन उठलो असतो. पण मास्तर बोलत होता तेवढ्यात नातीने पिवळी होडी ओढत पाण्याकडे न्यायला घेतली होती. मोठीकडे तिने बघितलंसुद्धा नव्हतं. मास्तर म्हणाला, बरोबर निवडली. हिला आज लहान शीड लावू, अंगात जोर आला की याच होडीला मोठं लागतं.

"आमच्या समोर पाडून दाखव," मुलगा तिला म्हणाला. "कोणी हात लावचो नाय. उबी केलंस तर तुझी."

नात अंगात जाकीट घालून शीड उभारून निघाली. मागून आम्ही मुलाच्या होडीत, मी, तो आणि मास्तर. वहिनी काठावर. मुलाने इंजिन बंद केलं. इंजिनाला एक लाल दोरी असते, ती लावलेली नसली तर इंजिन चालू होत नाही. मी ती काढली आणि मुठीत धरली.

खाडीच्या मध्यावर नातीने होडी मुद्दाम पाडली. शीड पाण्यावर आपटलं, आणि पुढे होडी पुरती फिरली. पोट वर. असं पोट दिसलं की आमच्याकडे बायका पुळणीवर जमतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. होडीच्या पोटातून एक फळी वर आलेली असते. नात पोहत आली, फळीवर चढली आणि घसरून पाण्यात गेली.

"बाबा, दोरी."

"नाय."

"बाबा, दोरी द्या!"

"तुझ्यापरीस माका जास्त भय वाटता. म्हणान काढलंय ती."

तो माझी मूठ सोडवायला लागला. मी म्हातारा आहे, पण वल्हं मारलेली मूठ आहे. शेवटच्या दिवसांत बायकोला उठवायला आम्ही दोघं दोन बाजूंनी हात घालायचो, आणि ती आमचे हात झटकायची. "सोडा. माजी मी उठतंय." वेळ लागायचा. पण उठायची.

नात परत चढली. या वेळी पाय रोवून उभी राहिली, कड धरली आणि पूर्ण मागे रेलली. होडी हलेना. मग हळूहळू कलली, शिडातून पाणी ओघळलं आणि सगळी होडी एकदम सरळ झाली. काठावरून वहिनीचा आवाज आला. "उबी रवली! उबी रवली गो बाय!" वर्ष पाळणारी बाई, सगळ्या देवबागला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

नात आत चढली आणि आमच्याकडे न बघता शीड भरून लांब निघाली. मुलाने माझी मूठ सोडली. डोळे पुसून म्हणाला, "आता तरी द्या. ती लांब चलली."

"जावंदे," मी म्हटलं.

उन्हाळाभर तिने ती होडी चालवली. आता पाऊस येईल, म्हणून घरी आणून अंगणात ठेवलीय. पाणी साचू नये म्हणून पालथी. दुसरी कशी ठेवणार? येणारेजाणारे बघतात आणि मान फिरवतात. वर्षश्राद्धाला भटजी येतील, पाहुणे येतील, तेव्हाही ती तिथेच असेल. वहिनी परवा म्हणाली, निदान मागच्या दारी तरी ठेवा. मी नाही म्हटलं. दारासमोर ठेवलीय, मुद्दाम. बायको असती तर तिने ती एक रात्र तशी राहू दिली नसती. मला हाक मारली असती, धरा म्हणून.

मी ती सरळ करणार नाही. जिला सरळ करायची असेल तिने यावं.