उणे घनतेचं कृष्णविवर

"निघते ना बाप्पा, पदार्थ निघतेच!" असं म्हणत सर हातातला खडू असा झटकायचे की पहिल्या बाकाने डोळे मिटावेत. नव्वदच्या दशकात वर्ध्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघं गणिताचे प्राध्यापक होतो. शिकवायची मी. सर संशोधन करायचे.

संशोधन म्हणजे काय, ते ऐका. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणाला स्वतःचं एक शेपूट जोडायचं, मनाला येईल तसं कृष्णविवर आखायचं आणि ते टिकायला कसला पदार्थ लागेल तो मागून काढायचा. आधी सदरा शिवायचा, मग त्यात मावणारा माणूस शोधायचा! माणूस मिळाला नाही की सर म्हणत, "अद्भुत पदार्थ हाय." उणे घनतेचा, कुणी कधी न पाहिलेला. पेपर मात्र छापून यायचे आणि स्टाफरूममध्ये आमच्या चहाशेजारी येऊन पडायचे. छे!

जवळच्या रोहणा गावची एक मुलगी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती. प्रबंध टायपिंगला जायच्या आधी तिने चूक पकडली. सरांनी अंतराचं सूत्र एका पुस्तकातून उचललं होतं, समीकरण दुसऱ्यातून. दोन्हींत अधिक-उण्याची पद्धत उलटी. त्यामुळे साध्या धुळीची घनताच उणे होऊन बसली होती. हाच तो अद्भुत पदार्थ!

"सर, सुधारू द्या ना," ती म्हणाली.

"काऊन? माहे सगळे पेपर खोटे पाडाचे हाय का तुले? हाय तसाच दे."

गाइडच्या सहीशिवाय प्रबंध जात नाही. तिने दिला.

तोंडी परीक्षेला तिचे आईवडील पेढ्यांचा डबा घेऊन मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसले. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, निकालाआधी परीक्षकांच्या जेवणाची तयारी होते. बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा वास वर्गापर्यंत येत होता. बाहेरगावच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हा पदार्थ उणे का?"

मुलीने सरांकडे पाहिलं. चूक माझी, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. सर उठले.

"मी जेवणाचं पाह्यून येतो."

थोड्या वेळाने बाहेर त्यांची स्कूटर सुरू झाली.

ती एकटी फळ्यापाशी उभी राहिली. सरांचं नावही न घेता तिने चूक सांगितली, बरोबर गणित मांडून दाखवलं. तरी प्रबंध परत गेला, पुन्हा लिहून आणा म्हणून. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात! माझा जीव तुटला.

वडिलांना काय झालं ते कळलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, सर कुठी गेले? त्याइले पेढा द्याचा होता."

"पळाले," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.