कवडूच्या जाळ्यातलं मोकळं घर

कवडू धीवराने समुद्र कधी पाहिला नाही. नागपूरच्या फुटाळ्याच्या तलावावर त्याचा जन्म गेला, आणि तलावाचा पलीकडचा काठ दिसतो ही गोष्ट त्याला कायम खुपत राहिली. "इतकं पाणी असून बी समोर झाडं दिसतेत, भाऊ," तो मला म्हणायचा. "समुद्रात म्हने काहीच नाही दिसत." हे तो अशा सुरात म्हणायचा, की काहीच न दिसणं हीच जगातली एकमेव पाहण्यासारखी गोष्ट असावी.

मी पोस्टात कारकून होतो, त्याच्या वस्तीला लागून राहत होतो आणि माझ्याकडे रेडिओ होता. सकाळी कवडू माझ्या उंबऱ्याशी येऊन बसे. रेडिओ सिलोन लागला की त्याचं लक्ष गाण्यांकडे नसायचं, मधल्या खरखरीकडे असायचं. ती खरखर म्हणजे वाटेतला समुद्र, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी एकदा त्याला समजावून सांगायला गेलो, तर त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला माझीच लाज वाटली. पुन्हा मी त्या वाटेला गेलो नाही.

जाळी विणण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. बांबूची सुई चालू लागली की त्याची बोटं दिसायची नाहीत, नुसतं जाळं वाढताना दिसायचं. पण जाळं विणणारा तो असला तरी त्यावर हुकमत प्रयागबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची. तिच्या माहेरची रीत होती. नव्या जाळ्यात एक गाठ मारायचीच नाही. तेवढ्यापुरती जाळ्याची शेजारशेजारची घरं, म्हणजे भोकं, एक होतात आणि एक मोठं, मोकळं घर राहतं. ज्या मासोळीच्या नशिबात असेल तिने तिथून निघून जावं. "सगळंच धरून ठेवसान तं तलाव देईन काय दुसऱ्या दिवशी?" असं ती विचारायची.

सदुसष्ट-अडुसष्टचं साल असेल. शेजारशेजारच्या देशांची फुटबॉलची स्पर्धा भरली होती आणि तिचा एक सामना, आपला आणि सिलोनचा, नागपूरच्या वाट्याला आला. गावाला नुसता ऊत आला. फुटबॉलवेड्या कामठीची माणसं तर आठ दिवस आधीपासून येऊन मैदान पाहून जात होती, जणू मैदान कुठे पळून जाणार होतं. ऐन वेळी गोलाची मागवलेली जाळी वाटेतच कुठेतरी राहिली. तेव्हा सामन्याच्या समितीचे सेक्रेटरी मधुसूदनराव स्कूटर काढून फुटाळ्याला आले. गृहस्थ बोलण्यात असा गोड, की ऐकणाऱ्याने आपला खिसा आधी चाचपून पाहावा.

"कवडू, दोन मोठी जाळी पाहिजेत."

"धरायचं काय हाये?" कवडूने विचारलं.

"बॉल."

कवडूने बॉल आणायला लावला. हातात फिरवला, दाबून पाहिला, मग म्हणाला, "हे तं लई मोठं मासोळं झालं गा." मधुसूदनराव हसले आणि जाता जाता एक वाक्य टाकून गेले. जाळी चांगली उतरली तर ती इथेच राहणार नाहीत, फायनलला कोलंबोला जातील. आणि तिथलं मैदान, कवडू, अगदी समुद्राला लागून आहे.

ते मैदान कुठे होतं कोण जाणे. पण त्या दिवसापासून कवडू जमिनीवर राहिला नाही. कडुनिंबाखाली दोरी पसरून तो विणायचा आणि मधेच थांबून वर पाहायचा. "मी काही जात नाही तिकडं," तो एकदा म्हणाला. "पन हे जाईन. माह्या हातच्या गाठी तं पाहतीन ना समुद्र." त्याला त्या जाळ्यातून वारा जाताना दिसत होता, खारट वारा. मीठ लागून दोरी कडक होईल म्हणून त्याने ती आधीच तेलात भिजवली. मला हसू येत होतं आणि हेवाही वाटत होता. पोस्टाच्या एवढ्या पत्रांवर मी शिक्के मारले, पण एकाही पत्राबरोबर माझं मन कधी असं गेलं नाही.

फक्त मोकळ्या घरावरून नवराबायकोत जुंपली. "हे काही मासे धराचं जाळं नोहे वं," कवडू म्हणाला. "याच्यात काहून सोडू?"

"आपल्या घरून निघून राहिलं ना? मंग सोडा."

त्याने सोडलं. दोन्ही जाळ्यांत, वरच्या कोपऱ्याशी, एकेक. इतक्या उंच कोपऱ्यात कोण मारतं बॉल, असा त्याचा हिशेब.

सामन्याच्या दिवशी बांबूच्या गॅलऱ्या माणसांनी वाकल्या होत्या. काटोलच्या संत्र्यांच्या टोपल्या फिरत होत्या, सालीचा वास सगळीकडे. कवडू एका गोलामागे गवतावर बसला होता. शेजारी भाकरीचं गाठोडं घेऊन प्रयागबाई, आणि त्यांच्यामागे मी. कवडूने सामना असा पाहिलाच नाही. तो जाळं पाहत होता. उन्हात त्याची सावली जमिनीवर पडली होती, हलत होती, आणि कवडू त्या सावलीत पाण्यात पाहावं तसा पाहत होता.

उत्तरार्धात सिलोनचा एक बारकासा गडी डावीकडून सुटला. त्याने तिरका फटका मारला. बॉल वर चढला, आपल्या गोलकीपरच्या बोटांवरून कोपऱ्यात शिरला आणि सरळ मागे आमच्या पुढ्यात येऊन पडला. सगळ्या मैदानाने ओरडून सांगितलं, बाहेर! रेफरी ब्रह्मदेशाचा होता आणि बराच लांब होता. त्यालाही जाळं फुगलेलं दिसलं नव्हतं. त्याने हात बाहेरच्या बाजूला दाखवला. सिलोनची पोरं त्याच्याभोवती कालवा करू लागली.

मी कवडूकडे पाहिलं. त्याची नजर वरच्या मोकळ्या घरावर होती. "गेला," तो म्हणाला. "तिथूनच गेला."

"गप बसा," प्रयागबाई हळूच म्हणाली.

"जाळ्यात आलता वं तो. अन् हे म्हनून राहिले का आलाच नाही."

तो काय गमावतो आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फसलेलं जाळं कोण कशाला कोलंबोला नेईल? गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. पण जाळ्यात आलेल्याला आला नाही म्हणायचं, हे काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. तो उठला, बॉल उचलला आणि अनवाणी मैदानात शिरला. रेफरीला मराठी येत नव्हतं, याला दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा कवडूने जाळ्याचा कोपरा खाली ओढला आणि त्या मोकळ्या घरातून बॉल सावकाश पलीकडे सरकवला. पुन्हा अलीकडे आणला. पुन्हा पलीकडे. हजारो माणसं होती, पण टोपलीवाल्याचा आवाजही थांबला होता.

रेफरीने शिट्टी वाजवली आणि गोल दिला. मग त्याने खुणेनेच सांगितलं, बांध ते. कवडूने कमरेची सुई काढली आणि सगळ्यांच्या देखत ती गाठ मारली.

सामना आपण त्या एका गोलाने हरलो. लोकांनी कवडूला जे ऐकवलं त्यातलं छापण्याजोगं एकच, "काबे, सिलोनचा जावई हायेस का?" संत्र्याच्या साली त्याच्या पाठीवर येत होत्या. मला इतका संताप आला, की मी एकाची टोपी उडवली. कवडू मात्र साली गोळा करून प्रयागबाईच्या पदरात टाकत होता. म्हणाला, "वाळवून ठेव."

मैदान रिकामं होताना मधुसूदनराव तणतणत आले. त्या दिवशी गोडवा बराच आटला होता. त्यांनी गाठ मारलेलं जाळं सोडवून घेतलं आणि कवडूच्या अंगावर फेकलं. "हे घेऊन जा तुझं फाटकं! समोरचं चांगलं आहे, तेवढं जाईल कोलंबोला. दुसरं तिथलं वापरू."

कवडूने पलीकडच्या गोलाकडे पाहिलं. मग त्याने तोंड उघडलं. दोनदा उघडलं.

"चला आता," प्रयागबाई त्याचा दंड धरून म्हणाली. "साहेबानं इचारलं काय तुमाले काही?"

साहेबांनी विचारलं नव्हतं. साहेब हमालावर ओरडत होते, की ते चांगलं जाळं नीट घडी करून पोत्यात भर.

घरी जाताना फुटाळा दिसू लागला तसा कवडू मधेच थांबला, आणि मला वाटलं तो रडतो आहे. तो हसत होता. नंतरच्या दिवसांत मग रोज तेच सुरू झालं. उंबऱ्याशी बसायचं आणि मला सांगायचं, आता जाळं गाडीत असन, आता जहाजात चढलं असन, आता वाळूवर उघडून राहिले असतीन. आणि मग तो फटका. बॉल बरोबर त्या कोपऱ्यात जातो, मोकळ्या घरातून निघतो, वाळूवरून घरंगळत पाण्यापर्यंत पोचतो आणि पाणी त्याला घेऊन जातं, जिथे पलीकडे काहीच दिसत नाही. हे सांगताना त्याचे डोळे मिटलेले असायचे आणि खरं सांगतो, मलाही दिसायचं.

फायनलच्या दिवशी, आपला संघ नसला तरी जाळ्यापायी, माझ्याकडे अर्धी वस्ती जमली. रेडिओला खरखर खूप होती. शेवटी एकदाचा गोल झाल्याचा ओरडा ऐकू आला आणि सगळे एकदम विचारू लागले, कोणाचा, कोणाचा?

कवडूने माझी बाही ओढली. "भाऊ, बॉल जाळ्यात राहिला का?"

मी कान लावून ऐकलं. "राहिला, कवडू."

त्याने माझी बाही सोडली. प्रयागबाईने त्याच्याकडे पाहिलं, तशी त्याने तिला समजूत घातल्यासारखी मान हलवली.

"राहू दे," तो म्हणाला. "जाळं तं तिथंच हाये ना आपलं."