हिरवी आणि पांढरी तार

वायरमनच्या घरात कुठे तार लोंबताना दिसायची नाही. टीव्हीच्या मागे, फ्रिजच्या मागे इतरांकडे असतो तसा वेटोळ्यांचा गुंता त्याच्याकडे शोधूनही सापडला नसता. लागेल तेवढीच तार, भिंतीला चिकटून गेलेली, कोपऱ्यात काटकोनात वळलेली. उरलेली तो कापून टाकी. लोकांच्या घरांत वायरिंग करण्यात त्याचा जन्म गेला होता. गिऱ्हाईक म्हणे, "राहू द्या थोडी जास्त, पुढे लागली तर?" तो म्हणे, "लागेल तेव्हा मला बोलवा." आणि पक्कड चालवून मोकळा होई.

हाताखालच्या माणसांना मात्र तो एका गोष्टीवरून फार दटावायचा. कुणी पंखा किंवा मोटर उघडली आणि जोडताना एखादी तार उरली, तर त्याचा आवाज चढे. "कंपनीनं उगाच म्हणून एक तार घातलेली नसते. शोध तिची जागा."

अशा माणसाच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात राहिला, पण त्यातही जोर उरला नाही. बोटं चादरीवर सरकत तेवढीच. डोळे एकदा मिटले म्हणजे हो, आणि नजर भिंतीकडे वळवली म्हणजे नाही, एवढ्या भाषेवर दोघांचा संसार चालला होता. त्यात वायरमनचे कान ड्रिल मशीनने कधीच खाल्लेले. तिच्या घशातून बारीकसा आवाज निघे, पण तो स्वयंपाकघरापर्यंत पोचला तरी त्याला ऐकू यायचा नाही.

एका दुपारी तो मिक्सरवर तिचं जेवण पातळ करत होता. वाटी घेऊन खोलीत आला तर उशी खाली पडलेली आणि तिची मान पलंगाच्या कडेवरून लटकलेली. तोंडातली लाळ केसांत गेली होती. किती वेळ झाला होता ते तिलाच ठाऊक. त्याने तिला सरळ केलं, तोंड पुसलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मिक्सर चालू होता गं." तिने डोळे मिटले. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून तो आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करू लागला. भाजी आणायची तरी मेहुणा येऊन बसेपर्यंत थांबायचं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शिवणकाम करणारा. सगळे त्याला मास्तर म्हणत. नजर अधू झाल्यापासून त्याचं मशीन बंद होतं, त्यामुळे तोंड दुप्पट चालायचं.

वायरमनने आधी आपल्या पद्धतीने इलाज केला. पलंगाशी घंटीचं बटण बसवलं आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लाल दिवा. ऐकू येत नाही तर दिसेल तरी. पण बायकोच्या बोटाने बटण दाबलं जाईना. त्याने बटण खोलून आतली स्प्रिंग कापली, घासली, अगदी नावापुरती ठेवली. तरी बोट बटणावर नुसतं पडून राही, आणि ती त्याच्याकडे अशी बघे की जणू चूक तिचीच आहे.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. सुट्टीवर आली तेव्हा तिने हे पाहिलं. "बाबा, दाबायला कशाला हवं? नुसता हात लागला तरी कळतं असा छोटा बोर्ड मिळतो. त्यात प्रोग्राम भरायचा, की तो तुमचा दिवा लावेल." तिने आपल्या जुन्या लॅपटॉपवर सगळी तयारी करून ठेवली. पण बोर्डाचं पार्सल यायला उशीर झाला आणि तिची सुट्टी संपली. जाताना म्हणाली, "काही नाही बाबा. केबल लावायची, यादीतून पोर्ट निवडायचा, बाणावर क्लिक करायचं. झालं."

पार्सल येईपर्यंत वायरमनने आपल्या वाट्याचं काम उरकलं. दिवा चालू-बंद करणारा रिले बसवला. खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत तार नेली, ती इतकी सरळ की मास्तरने टेप काढून मापायचं नाटक केलं. पुठ्ठ्यावर चमकीचा कागद चिकटवून त्याला तार जोडली आणि तो पुठ्ठा बायकोच्या डाव्या बोटांखाली ठेवला. सगळं जागच्या जागी. फक्त मधला मेंदू यायचा होता.

मेंदू आला तो बोटाएवढा होता. काळी पट्टी, दोन्ही कडांना कंगव्यासारखे दात, मध्ये चकचकीत चौकोन. वायरमनने चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. सोबत केबल होती, ती मात्र भलतीच लांब. टेबलावरून ओघळून जमिनीवर वेटोळं घालून बसली. त्याला ते बघवेना. त्याने मधला तुकडा काढून केबल हातभर केली.

वरचं आवरण सोललं तशा आत चार तारा निघाल्या: लाल, काळी, हिरवी, पांढरी. हे त्याला नवं नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे तुटलेले चार्जर त्याने जोडून दिले होते. लालला लाल, काळीला काळी, की फोन चार्ज होतो. बाकीच्या दोन गुंडाळून टाकायच्या. त्याने तेच केलं, वर सफाईने टेप मारली. लॅपटॉपला लावताच बोर्डावर लाल ठिपका उजळला.

"बघ, पेटला," तो बायकोला म्हणाला. तिने डोळे मिटले.

तिथपर्यंतच सगळं सरळ होतं. लॅपटॉपवर मुलीने सांगितलेली यादी त्याने उघडली, तर यादीत काहीच नव्हतं. बाणावर क्लिक केलं, तर खाली लाल अक्षरांची ओळ धावत गेली. त्याने फोन लावला आणि स्पीकर कानाशी धरला.

"पोर्ट दिसतोय का, बाबा?"

"पोर्ट म्हणजे कसा दिसतो?"

"नाव असतं. त्यावर क्लिक करायचं."

"नाव नाही गं. नुसती रिकामी पट्टी आहे."

"केबल काढून परत लावा."

त्याने काढून लावली. ठिपका विझला, उजळला. पट्टी रिकामीच.

"बोर्डावरचं बारीक बटण दाबून धरा आणि तसंच क्लिक करा."

एका हातात फोन, दुसऱ्यात माऊस, बटण कशाने दाबायचं? त्याने फोन बायकोच्या उशीवर ठेवला. आता मुलगी काय बोलते ते बायकोला ऐकू येत होतं आणि त्याला नाही. बायको डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या भाषेत तेवढे शब्द नव्हते.

"केबल नुसती चार्जिंगची तर नाही ना?" मुलीने विचारलं तेव्हा फोन त्याच्या हातात होता.

"नाही गं. पार्सलमधलीच आहे," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

पुढे हे रोजचं झालं. मुलगी कामावरून दमून यायची आणि फोनवर नवी युक्ती सांगायची. अमुक फाइल डाऊनलोड करा, तमुक बंद करून चालू करा. तो प्रत्येक वेळी चुकीच्या जागी क्लिक करी. एकदा तर सगळा पडदाच आडवा झाला आणि मान वाकडी करून तो सरळ कसा करायचा हे ऐकावं लागलं. मुलीचा आवाज चिडका नव्हता. फार सावकाश, फार सांभाळून बोलत होती. आपण तिच्या आईशी असंच बोलतो, हे त्याच्या लक्षात आलं. शेवटी ती म्हणाली, "बोर्डच खराब असेल, बाबा. दुसरा पाठवते."

"माझ्या हातूनच बिघडला असेल," तो म्हणाला.

स्क्रू, पक्कड, टेस्टर, यांनी आयुष्यात त्याला कधी दगा दिला नव्हता. बिघाड असला तर तो दिसे, वास येई, बोटाला गरम लागे. इथे लाल ठिपका तर मजेत जळत होता आणि पलीकडे काहीच नव्हतं. कोणाला विचारायचं, काय विचारायचं, तेही कळेना.

मास्तर रोज येऊन बघत होता. "काय दाजी, पोर्ट आला का? की अजून वाटेतच आहे?"

"तू गप बस."

"मी गपच आहे. ताई, हे बघ, तुझा नवरा माझ्यावर चिडतो आणि फोनवर मात्र आवाज निघत नाही."

बायकोच्या ओठांचा एक कोपरा हलला. तेवढं हसू तिला यायचं.

मग मास्तर टेबलाशी वाकला. त्याला हातभरावरचंही दिसत नव्हतं, पण डोळ्याला टेकवलेलं जाड चष्म्यातून टाके मोजण्याइतकं स्वच्छ दिसे. केबलच्या टेपमधून हिरवं टोक किंचित बाहेर आलं होतं. त्यावर त्याने नख ठेवलं. "हे काय?"

"काही नाही. त्यांचं काम नसतं."

"किती आहेत अशा?"

"दोन. हिरवी आणि पांढरी. चार्जरला लागत नाहीत."

"मी पण धागे कापतो, दाजी. पण शिवण सोडून," मास्तर म्हणाला. "आणि आमच्या दुकानात पंखा दुरुस्त करायला आला होतात, तेव्हा त्या तुमच्या माणसाला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर काय झापलं होतंत? कंपनीनं उगाच म्हणून..."

वायरमनने केबल हातात घेतली. मग खुर्चीवर बसला. लाल-काळीतून नुसती वीज जाते. बोर्डाला आणि लॅपटॉपला एकमेकांशी बोलायचं तर ते या दोन तारांतून. ते त्याने स्वतःच कापून, वरून टेप मारून बंद केलं होतं. आणि इतके दिवस मुलगी बिचारी पलीकडून हाका मारत होती.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"सांगणार तर. ताई ऐकतेय की."

त्याने टेप सोडवली. हिरवी आणि पांढरी तार केसांसारखी बारीक होती. सोलायला गेला तर हात थरथरला आणि हिरवी मुळापासून तुटली. पुन्हा सोलली, पुन्हा तुटली. ज्या हातांनी शिडीवर उभं राहून चालू लाइनमध्ये जोड दिले, त्यांना केसाएवढी तार ऐकेना. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते थांबायची वाट बघितली. ते थांबले नाहीत. मास्तर उठला. चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून नवी केबल घेऊन आला. पहिलीपेक्षाही लांब.

ती लावली आणि रिकाम्या पट्टीत एक नाव उगवलं. त्याने बाणावर क्लिक केलं. आकडे वाढत गेले, थांबले, आणि बोर्डावर एक निळा ठिपका लुकलुकू लागला. वायरमनने बोर्ड पलंगाशी नेऊन कागदाच्या आणि दिव्याच्या तारा त्याला जोडल्या, आणि चमकीच्या कागदावर बोट ठेवलं. मास्तर स्वयंपाकघरातून ओरडला, "लागला."

मग बायकोचं बोट ठेवलं. दिवा लागला नाही.

पुन्हा ठेवलं, दाबून धरलं. नाही. तिने नजर भिंतीकडे वळवली. तिचं बोट कोरडं, गार होतं. बोर्डाला ते बोट वाटत नव्हतं. मुलीने फोनवर सांगितलं, की अमुक ओळीतला आकडा वाढवायचा, म्हणजे हलका स्पर्शही चालेल. आकडा बदलताना त्याच्याकडून शेजारची खूण पुसली गेली आणि लाल अक्षरं पुन्हा धावली. खूण कुठली होती हे शोधण्यात संध्याकाळ झाली. मास्तरने चष्मा पडद्याला टेकवून एकेक अक्षर मुलीला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ती सापडली. आणि मग बायकोच्या बोटाने दिवा लागला. ओट्यावर, भांड्यांवर, भिंतीवर लाल उजेड पडला. मास्तर स्वयंपाकघरात जाऊन तो बघून आला, मग डोळे पुसत घरी गेला. जाताना म्हणाला, "कांदा कापला होतात की काय आत?"

वायरमन जेवण गरम करायला स्वयंपाकघरात गेला. आज पहिल्यांदाच त्याने मागे वळून पाहिलं नाही. पातेलं चढवलं आणि दिवा लागला.

तो धावत आला. उशी जागेवर होती. मान सरळ होती. बोट कागदावर होतं.

"काय गं? पाणी?"

तिने भिंतीकडे पाहिलं.

"कूस बदलू? पंखा? पाय दुखतो?" भिंत. "मुलीला फोन लावू? मास्तरला बोलवू? चादर ओली झाली?" भिंत, भिंत. माहीत असलेलं सगळं विचारून झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट कागदावरून उठेना आणि स्वयंपाकघरात दिवा जळत राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं की तिची हाक एकदा ऐकू आली की झालं. आता हाक येत होती, आणि तो समोर उभा राहून काही करू शकत नव्हता.

मग तिची नजर भिंतीवर नसून थोडी खाली आहे असं त्याला वाटलं. जमिनीकडे. तिथे ती नवी केबल टेबलावरून पलंगापर्यंत लोंबत होती, वाटेत भलंमोठं वेटोळं घालून, त्याच्या घोट्याच्या उंचीला. धावत येताना तो त्यात पाय अडकून पडलाच असता.

"ही?" त्याने विचारलं.

तिने डोळे मिटले. पण ते पुन्हा लगेच उघडले नाहीत. हो म्हणाली की दमून झोपली, ते त्याला कळेना. त्याने वाकून वेटोळं उचललं. हात सवयीने खिशातल्या पकडीकडे गेला आणि परत आला. त्याने केबल तशीच, लांबच्या लांब, खिडकीच्या खिळ्यावर अडकवली. तिचं बोट हळूच कागदावरून घसरलं. स्वयंपाकघरातला लाल उजेड गेला, आणि पातेल्यातून करपल्याचा वास यायला लागला.