शेख मॅडमनी बंद केलेला पूल

कुठलाही पूल आला की शेख मॅडम जीप थांबवायला लावत. कठड्यावरून ओणव्या होऊन खांबाच्या बुडाशी पाणी कसं वळतंय ते बघत राहत. मी घाई केली की म्हणत, "थांबा हो जाधव. पाणी पुलाला ढकलत नाही, त्याच्या पायाखालची माती काढून घेतं. वरून काही कळतच नाही."

मॅडम देवळाली कॅम्पच्या. वडिलांचं तिथल्या बाजारात शिलाईचं दुकान. नाशिकच्या कार्यालयात त्या माझ्या वरिष्ठ अभियंता होत्या, पण ईदचा शिरखुर्मा आधी शिपायाला मिळायचा, मग आम्हाला.

हरसूलकडच्या एका पुलाच्या खांबांभोवती दगड भरलेल्या जाळ्या बसवायचं काम मंजुरीअभावी रखडलं होतं. त्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. मॅडमनी खांबाशी वजन बांधलेली दोरी सोडली. ती तळाला टेकेचना. त्यांचा चेहरा उतरला. "रस्ता बंद करा. पायीसुद्धा कुणी जाणार नाही."

दुपारी एक गाडी आली. आत सुनीता नावाची पोर बाळंतवेणांनी तळमळत होती. तिच्या नवऱ्यानं हात जोडले. "मॅडम, एवढी एकच गाडी जाऊ द्या. लय अवघड हाय हो."

"दादा, खांब खचला तर गाडीतलं कुणीच वाचणार नाही."

लोक शिव्या देऊ लागले. मॅडम वळल्या, सुनीताशेजारी जाऊन बसल्या आणि लांबच्या वळणानं गाडी न्यायला सांगितली. मी पुलावर थांबलो. दवाखाना गाठेपर्यंत बाळ गेलं होतं.

पूल पडला नाही.

पाणी ओसरल्यावर खांबाखालची पोकळी दिसली. माणूस वाकून आत शिरेल एवढी. पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी मॅडमची पाठ थोपटली. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "एक गाडी गेली असती, जाधव. कदाचित गेलीही असती."

उन्हाळ्यात काम मंजूर झालं. मॅडम भर उन्हात उभ्या राहून जाळीची प्रत्येक गाठ ओढून बघत. पलीकडच्या पाड्यावर सुनीताचं घर होतं. तिकडे मात्र त्यांची पावलं कधी वळली नाहीत.

मग त्यांना कर्करोग झाला. गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. दफनानंतर आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो, तेव्हा सुनीता आणि तिचा नवरा आले. हरसूलहून बस बदलत पोचायला त्यांना उशीर झाला होता. ती बराच वेळ दाराशीच उभी राहिली. मी जवळ गेलो तेव्हा हलकेच बोलली.

"घरची माणसं म्हणत, त्या बाईला काळीज नाय. पण मी गाडीत होते ना, साहेब. वाटभर माझा हात धरून त्याच रडत होत्या. माझा राग नव्हता हो त्यांच्यावर. येऊन सांगू, सांगू म्हणत राहिले, अन् राहूनच गेलं."