साडूंची वरची लाट

अख्ख्या जोयडा तालुक्यात सतत वर लक्ष ठेवून असलेला माणूस एकच, तो म्हणजे माझे थोरले साडू. आणि त्यात देवाचा काही संबंध नाही, उळवीच्या जत्रेलासुद्धा ते फक्त अक्कांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, धाकाने जातात. त्यांचे लक्ष असते ढगांच्याही कितीतरी वरच्या हवेवर. तिथे समुद्रासारख्या लाटा चालतात, आणि शॉर्टवेव्ह रेडिओचा आवाज त्या हवेवर आपटून खाली येत असल्यामुळे लाट गेली की आवाज बुडतो, हे त्यांनी निम्म्या कॅसलरॉक गावाला चहा पाजून समजावले आहे. आवाज बुडाला की दुसरा कोणीही रेडिओला थापट्या मारील. साडू एक बोट वर करतात आणि न्याहारीला बसलेल्यांचे घास हातातच राहतात. "गप बसा, लाट चाललीया." मग वेळ वहीत उतरते. रोज सकाळी सात ते नऊ, अशी तीस वर्षे. एरियलच्या तारेवर अक्का लुगडी वाळत घालतात, त्या दिवशी 'लुगड्यामुळे' असा शेराही प्रामाणिकपणे पडतो. अक्का म्हणायच्या, "ह्यास्नी आभाळातली लाट ऐकू येती, चुलीपुढनं मारलेली हाक न्हाई."

ती हाक खरोखरच ऐकू येत नव्हती. गेल्या वर्षी कान दाखवायला ते आठ दिवस बेळगावला गेले आणि वही माझ्या हाती देऊन गेले. दोन दिवस मी मन लावून ऐकले. तिसऱ्या दिवशी झोपून राहिलो, आणि लाजेपोटी लिहून टाकले : वीस-वीस मिनिटांनी आवाज तीनदा बुडाला. परत आल्यावर साडूंनी ती ओळ वाचली आणि पेढे वाटले. इतकी नेटकी लाट त्यांना कधीच सापडली नव्हती. त्यातच या विषयाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांनी सगळ्या वह्या मागितल्या. माझ्या एका ओळीने तीस वर्षे नासणार होती.

साडू वह्यांचे पार्सल बांधायला बसले तेव्हा मी कबूल केले. दोनदा करावे लागले. पहिल्यांदा त्यांना ऐकूच आले नाही, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनाही आले. साडूंनी गाठ सोडली, वही काढली, त्या ओळीवर काट मारली आणि पुढे लिहिले, 'ऐकले नाही'. मग पार्सल माझ्या हाती न देता स्वतःच टपालात टाकून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बोलावणे आले. तेव्हापासून मी रोज त्यांच्या शेजारी बसतो. कधीकधी आवाज चांगला खणखणीत चालू असतो, आणि साडू पेन्सिल उचलून माझ्याकडे बघतात.

"लाट, का कान?"

खोटे बोलायचा खरा मोह मला आता होतो.

"कान," मी सांगतो.

ते मान हलवतात आणि पेन्सिल खाली ठेवतात.