मोठीआईची खिडकी

मोठीआई कुणाच्याही घरी गेली की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी खाट सरकवायची. कधी खिडकीकडे, कधी दारासमोरून बाजूला. मुलगी बघायला गेलो होतो त्या घरीसुद्धा तिने मुलीच्या बापाला उठवून त्याची खुर्ची फिरवली होती. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. राळेगावकडच्या एका खेड्यात राहायची. गावात तिला ‘खाटसरकी’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं.

खोलीची तिची परीक्षा एकच. “दोघं जन बसले तर दिवा न लावता एकमेकाचं तोंड दिसलं पायजे. अन् पाय लांब केले तर कोनाले लागू नये.” मला लहानपणापासून मोजायची सवय. तिच्या पुढच्या खोलीला टेप लावून मी मापं घेतली होती: सोळा फूट बाय बारा, पूर्वेला तीन फुटांची एकच खिडकी. ऐकून ती म्हणाली, “आता कापूस भरला का मंग सांग, किती राह्यते ते.”

आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतात. बैलगाडी खिडकीला लावायची आणि तिथूनच कापूस आत लोटायचा. दारातून गाठोडी वाहण्यापेक्षा ते सोपं. त्यामुळे ढीग खिडकीपाशीच लागतो, छतापर्यंत चढतो आणि घरातला उजेड आधी जातो. बऱ्या वर्षी संक्रांतीपर्यंत खिडकी मोकळी व्हायची. मग ती वर्षं आली, कापसाला भाव येईचना. होळी झाली तरी ढीग तसाच. सोळा फुटांतली साडेचार फुटांची बोळ उरली आणि तिच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, मोठे बाबा बसू लागले.

हा माणूस एरवी बसस्टँडवर अनोळखी माणसाशीही तासभर बोलणारा. आता विचारलं तर ‘हो’, ‘नाही’, एवढंच. त्या वर्षांत घरातला माणूस असा गप्प झाला की बाया फवारणीच्या औषधाचे डबे शेजारी नेऊन ठेवत. मोठीआईनेही ठेवले, कुणाला न सांगता.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. झिरोचा बल्ब काढून मी चाळीस वॅटची ट्यूब बसवून दिली. कापसाचा ढीग लखलखीत दिसू लागला. मोठे बाबा म्हणाले, “बंद कर बाबू. दवाखान्यात बसल्यावानी वाट्टे.”

कापूस विकून टाका, असं मोठीआई एकदाही म्हणाली नाही. “भाव त्यायचा त्यायले पाहू दे. मी खिडकी पाहतो.” ती खिडकीपाशीचा कापूस जुन्या लुगड्यात बांधून आतल्या खोलीत, स्वतःच्या झोपायच्या जागी, नेऊ लागली. मी म्हटलं, “मोठीआई, आतली खोली आठ बाय दहाची. सगळा ढीग मावणार नाही.”

“खिडकीपुरता मावते का?”

मी हिशेब केला. मावत होता.

“मंग झालं.”

जुन्या कापसाने अंगाला खाज सुटते. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. मला तिने कापसाला हात लावू दिला नाही. मोठे बाबा पाठ करून बसलेले. ती त्यांना काही म्हणायची नाही, फक्त त्यांच्याजवळून जाताना जरा मोठ्याने कण्हायची. दोन-तीन दिवस असं चाललं. मग एका दुपारी तिचं गाठोडं बोळीतच सुटलं आणि मागून आवाज आला, “अवं, गाठ अशी बांधत असते का?”

“मंग तुमी दाखवा ना, कशी बांधत असते.”

ते उठले. लुगड्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

दुसऱ्या सकाळी खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत आलं. मोठीआईने खाट सरकवली आणि मोठ्या बाबांना खिडकीसमोर बसवलं.

“डोयावर ऊन येते,” ते म्हणाले.

“येऊ द्या. दाढी किती वाढली ते दिसून राह्यलं मले.”

ते हसले आणि उठून दाढीचं सामान शोधू लागले. कापूस पुढे पडत्या भावानेच गेला. तोवर मोठीआई ओसरीत झोपली. औषधाचे डबे मात्र तिने पुढच्या फवारणीपर्यंत परत आणले नाहीत. मोठे बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि पुष्कळ बोलले.

यवतमाळला मी बांधलेल्या घरी मोठीआई एकदाच आली, ती गेली त्याच्या आदल्या वर्षी. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली होती. मी हॉलची मापं सांगू लागलो. ती भिंत चाचपत खिडकीपर्यंत गेली, काचेला हात लावून थांबली आणि म्हणाली, “सोफा इकडं घे.” घेतला. त्यामुळे दार नऊ इंच कमी उघडतं, तरी तो अजून तिथेच आहे. ती बसली, मला समोर बसवलं.

“मले तुह्यं तोंड नाही दिसत आता. तुले माह्यं दिसते का?”

“दिसते, मोठीआई.”

“दिवा न लावता?”

“दिवा न लावता.”

तिने पाय लांब केले. कशालाच लागले नाहीत. मग तिने पाणी मागितलं.